शून्य म्हणजे मोकळं रान

यवतमाळ,
जूनचा शेवटचा आठवडा

चि. भाचीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, सगळ्या पोरांचे डिस्कचे कोटे लावून टाकले. साडेबाराशे नावं होती, दोन दिवस गेले." तुझ्या आवाजातलं समाधान ऐकून मी काही बोललो नाही. बस आली म्हणून तू फोन ठेवलास आणि मी ओट्यावर तसाच बसून राहिलो. मामीनं विचारलं, काय झालं? म्हटलं, पोरगी कामाची आहे, पण तिनं आलेल्यांची सोय केली आणि येणाऱ्यांची राहिली.

कॉलेजात तू ज्या खुर्चीत बसतेस तिथे मी बरीच वर्षं काढली. त्या सर्व्हर रूमच्या एसीचा आवाज अजून मला झोपेत ऐकू येतो. म्हणून हे सगळं फोनवर न सांगता लिहून पाठवतो. फोनवर तू "हो मामा, हो मामा" करशील आणि विसरशील.

आधी तुझी यादी बघू. साडेबाराशे नावं आज आहेत. प्रवेशाचे कॅप राउंड संपता संपता पहिल्या वर्षाचे येतील, ते एकगठ्ठा येतील म्हणून तू स्क्रिप्ट चालवशील. मग गणपतीच्या आगेमागे डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेले येतील, ते मात्र पाचपाच-दहादहा करून. ऑफिसातून कागद येईल, त्यावर कुणाचं नाव पेनानं वाढवलेलं असेल. एखादा बदली होऊन आलेला, तासिकेवरचे दोन सर, एखादी मॅडम रजेवर गेली म्हणून तिच्या जागी आलेली. ही खाती तू हातानं उघडशील, घाईत उघडशील, समोर माणूस उभा असताना उघडशील. त्यांचा कोटा लावायचा राहील. आणि लिनक्समध्ये कोट्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही तर तिथे शून्य असतं. इथेच नवीन माणूस फसतो. शून्य म्हणजे 'काही मिळणार नाही' असं नाही. शून्य म्हणजे मोकळं रान, हवं तितकं चरा.

म्हणजे तुझ्या दोन दिवसांच्या मेहनतीनंतर चित्र काय, तर वेळेवर आलेल्याला कुंपण आणि उशिरा आलेल्याला मोकळं रान.

मी हे शहाणपणानं नाही सांगत. फसलोय म्हणून सांगतो.

ती भारनियमनाची वर्षं होती. दिवसातून कितीदा लाइट जाई याचा हिशेब नव्हता. यूपीएस पंधरा मिनिटं धरायचा, जनरेटरवाला शिपाई कधी डिझेल आणायला गेलेला असायचा. सर्व्हर धाडकन बंद पडला की पुन्हा सुरू होताना 'कोटाचेक' चालवावा लागे. तो एकेक फाइल मोजत बसे आणि तोवर लॅब रिकामी. जुलैत मी सगळ्यांना २०० एमबी लावले होते. त्यासाठी 'नमुना' नावाचं एक खोटं खातं केलं होतं. त्याची मर्यादा एकदा हातानं लिहिली आणि 'एडकोटा'च्या 'पी' पर्यायानं तीच बाकीच्यांवर उतरवली. वेळ फारसा लागला नाही. मी खूश. सप्टेंबरात डायरेक्ट सेकंड इयरची साठेक खाती 'यूजरअ‍ॅड'नं उघडली. हा यूजरअ‍ॅड घर बांधून देतो, घरात सामान मांडून देतो, पण कोट्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. मला वाटलं, लावू नंतर.

हिवाळी परीक्षेच्या प्रॅक्टिकलचा दिवस. बाहेरचे परीक्षक येऊन चहा घेत होते. लॅबमधून एक मुलगा आला, "सर, पासवर्ड चालत नाही." बदलून दिला. दुसरा आला. त्याचाही बदलला. तिसऱ्याच्या वेळी मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पोरानं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, स्क्रीन एकदा काळी झाली, आणि पुन्हा नाव विचारणारी तीच खिडकी समोर. पासवर्ड बरोबरच होता गं. आत गेल्यावर ग्राफिकल डेस्कटॉपला घरात एक छोटीशी फाइल लिहायची असते, ती लिहायला डिस्कवर जागाच नव्हती, म्हणून तो उंबऱ्यावरून परत फिरत होता. 'डीएफ' मारून पाहिलं, होमची डिस्क शंभर टक्के.

कोपऱ्यात वणीकडची एक मुलगी बसली होती. ती काळ्या टर्मिनलवरून आत शिरली होती, हुशार होती. तिनं आदल्या संध्याकाळी आपल्या प्रोग्रामातली एक ओळ बदलून सेव्ह केलं होतं. तिचा एडिटर आधी जुनी फाइल कोरी करायचा आणि मग नवी लिहायला घ्यायचा. कोरी करायला जागा लागत नाही, लिहायला लागते. फाइलचं नाव होतं, तारीख होती, वेळ होती, आकार शून्य. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, याच्यातलं काहीच राहिलं नाही का?" दोन दिवसांपूर्वीच्या बॅकअपमधून तिला जुनी प्रत काढून दिली. मधल्या दोन दिवसांचं काम तिनं परीक्षकांसमोर बसून पुन्हा लिहिलं.

नंतरच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं, डायरेक्ट सेकंड इयरच्या एका पोट्ट्यानं पिच्चर भरून ठेवले होते, त्याला कोटा नव्हता. सगळ्यांनी माना डोलावल्या. हे खोटं नव्हतं. त्याच्याकडे खरंच पिच्चर होते.

त्यानंतर महिनाभर एक गंमत चालली, ती तुला आवडेल. पोरांनी आपापल्या घरात 'डमी', 'राखीव', 'टच करू नये' अशा नावांच्या शंभर-शंभर एमबीच्या बिनकामाच्या फाइली करून ठेवल्या. जागा पुन्हा संपली तर आपली डमी पुसायची आणि त्या जागेत लिहायचं. यवतमाळात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली तेव्हा आपल्या घरी काय होतं आठव. नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून न्हाणीपासून जिन्याखालपर्यंत ड्रमच ड्रम. भरवसा गेला की माणूस साठवतो. डिस्कवरही तेच होतं. साधी, सगळ्यांना सारखी लागलेली मर्यादा असती तर त्या डमी फाइली झाल्या नसत्या.

हा कोटा प्रकार आला कुठून, तेही ऐक. मेलबर्न विद्यापीठातले रॉबर्ट एल्झ यांनी तो युनिक्ससाठी लिहिला आणि १९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडीतून तो सगळीकडे गेला. त्याच वर्षी १ मे रोजी आपलं अमरावती विद्यापीठ सुरू झालं, हा निव्वळ योगायोग, पण मला तो बरा वाटतो. हे काम विद्यापीठातल्या माणसानं केलं याचं मला आश्चर्य वाटत नाही. दरवर्षी शेकड्यांनी नवीन येणार, शेकड्यांनी जुने जाणार, आणि मशीन एकच. कंपनीत माणूस पगाराच्या धाकानं जागा जपून वापरतो, कॉलेजात कोण वापरणार?

तर मुद्द्यावर येतो. नावानं लावलेला कोटा कधीच पुरा होत नाही. मर्यादा नावाला चिकटवू नकोस, नाव नसलेल्या जागेला चिकटव. म्हणजे जो अजून आलाच नाही त्याची मर्यादा त्याच्या आधी येऊन बसलेली असली पाहिजे.

तुझ्या नव्या सर्व्हरवर एक्सएफएस आहे, असं तू म्हणालीस. मग तू नशीबवान. रेड हॅटनं २०१४ सालच्या सातव्या आवृत्तीपासून तीच फाइल सिस्टिम डिफॉल्ट केली. तिच्यात 'एक्सएफएस-कोटा'च्या 'लिमिट' आज्ञेला 'डी' पर्याय दिला की मर्यादा कुणा एकावर लागत नाही, ती त्या फाइल सिस्टिमची डिफॉल्ट होते. ही डिफॉल्ट ठेवली जाते शून्य क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे रूटच्या. रूटला स्वतःला ती बाधत नाही. मालकाच्या नावावर गावाचा नियम लिहून ठेवल्यासारखं आहे. नवा माणूस आला, त्यानं पहिली फाइल लिहिली, की त्याच्या कोऱ्या रकान्यात तो नियम आपोआप उतरतो. तुला काही करायचं नाही. लाइट गेल्यावर कोटाचेकची वाट बघणंही इथे नाही, कारण कोट्याचा हिशेब फाइल सिस्टिमच्या जर्नलमध्येच चालतो.

यात दोन खड्डे आहेत. पहिला, एक्सएफएसमध्ये कोटा माउंट करतानाच चालू करावा लागतो, नंतर नुसतं रीमाउंट करून होत नाही. तेव्हा सर्व्हर चालू ठेवून हे होईल अशी आशा करू नकोस, रविवार धर. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. डिफॉल्ट लावल्यावर शून्याचा अर्थ पालटतो. एखाद्या सरांना मोकळीक द्यायची म्हणून तू त्यांच्यापुढे शून्य लिहिलंस, तर एक्सएफएस म्हणेल, 'इथे काही लिहिलेलं नाही', आणि त्यांना डिफॉल्टच लावेल. सर दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात. मोकळीक द्यायची असेल तर शून्य लिहू नकोस, सरळ मोठा आकडा लिही.

जुन्या लॅबचा सर्व्हर अजून ईएक्सटी४ वर आहे ना? तिथे असं आपोआप उतरणारं डिफॉल्ट नाही. तिथे दोन वाटा आहेत. डेबियनच्या घराण्यातलं मशीन असेल तर 'अ‍ॅडयूजर'च्या कॉन्फिगरेशनमध्ये 'कोटायूजर' नावाची ओळ असते, तिथे नमुना खात्याचं नाव लिहिलं की पुढचं प्रत्येक नवं खातं त्याचीच नक्कल घेतं. पण हे 'अ‍ॅडयूजर'नं उघडलेल्या खात्यालाच, 'यूजरअ‍ॅड'ला नाही. नावं उलटसुलट केली की काम बदलतं, आणि हे ठरवणाऱ्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. दुसरी वाट लॉगिन सांभाळणाऱ्या पॅमची. २०२० साली लिनक्स-पॅममध्ये 'पॅम-सेटकोटा' आला. माणूस लॉगिन करतो त्या क्षणी, त्याचा यूआयडी अमुक ते तमुकच्या मध्ये असेल तर, हा मर्यादा लावून मोकळा होतो. आधी कुणी हातानं लावलेली मर्यादा असेल तर, तू मुद्दाम सांगितल्याशिवाय, तिला हात लावत नाही. तुझी खाती एलडॅपमधून येतात, त्यामुळे जुन्या लॅबला मी हाच सुचवेन.

एलडॅपवरून आठवलं. तू यादी कशी केलीस? 'गेटेंट पासवर्ड' मारून? मग पुन्हा तपास. एसएसएसडी सगळ्या लोकांची यादी मागितली तर डिफॉल्टनं देत नाही, एकेकाचं नाव घेऊन विचारलं तरच सांगतो. तुझ्या साडेबाराशेत कोण आलं आणि कोण सुटलं हे त्या यादीवरून कळणार नाही. यादीवर विसंबू नको म्हणतो ते यासाठीही.

आता किती लावायचा? इथे तू मला म्हणालीस, "डिस्क भागिले पोरं." असं करू नकोस, बाई. माझ्या वेळी होमला १४० जीबी होती आणि अकराशे खाती. भागाकार केला असता तर माणशी १२७ एमबी आले असते. मी २०० दिले, म्हणजे कागदावर २२० जीबी वाटले. वाटले तरी बिघडलं नाही, कारण बहुतेकांच्या घरात वीस-तीस एमबीच्या वर काही नसायचं. कोटा म्हणजे वाटणी नव्हे. एकट्यानं सगळ्यांचं बुडवू नये एवढ्यासाठी घातलेली ती वेसण. पण आकडा लिहिताना एकक बघ. एडकोट्यात ब्लॉक एक केबीचा असतो. २०० एमबी म्हणजे २०४८०० लिहायचं. माझ्या एका सहकाऱ्यानं नुसतं २०० लिहिलं आणि अख्ख्या बॅचला दोनशे केबीत कोंडलं होतं.

फाइलींच्या संख्येलाही मर्यादा लाव. आमच्या वेळी ती चैन वाटायची. आता एक वेबसाइटचा प्रोजेक्ट करायला घेतला की 'नोड मॉड्यूल्स'च्या एका फोल्डरमध्ये हजारो चिमुकल्या फाइली येऊन पडतात. जागा फारशी जात नाही, पण बॅकअप रात्रभर त्या मोजत बसतो.

आणि वेगळ्यांचं काय? शेवटच्या वर्षाचे, एम.ई.चे, शिक्षक. इथे मला कायम आपलं कंट्रोलचं दुकान आठवतं. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि अंत्योदयाला कार्डामागे ३५ किलो, घरात माणसं किती का असेनात. मग २०१५ साली १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत, ज्यात आपला यवतमाळ आहे, केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही माणशी ५ किलो सुरू झाले. दुकानदारानं कुणाचा चेहरा बघून दिलं नाही, वर्ग ठरला आणि त्या वर्गाचा नियम ठरला. तूही तसंच कर. एका एक्सएफएस फाइल सिस्टिमला वापरकर्त्यांसाठी डिफॉल्ट एकच, म्हणून विद्यार्थ्यांचं होम वेगळं, शिक्षकांचं वेगळं, दोघांचं डिफॉल्ट वेगळं. शेवटच्या वर्षाच्या चौघांच्या ग्रुपला मात्र अंत्योदयाच्या कार्डासारखं एकच फोल्डर दे आणि त्यावर प्रोजेक्ट कोटा लाव. आत कोणी किती घ्यायचं ते त्यांचं त्यांनी भांडून ठरवावं. भांडतातच.

आता सॉफ्ट लिमिट. ही गोष्ट मला कोट्यातली सगळ्यात माणूसपणाची वाटते. हार्ड लिमिट भिंत आहे. सॉफ्ट लिमिट ओलांडता येते, पण मुदत सुरू होते. मुदत डिफॉल्टनं ७ दिवसांची. मुदतीत आवरलं तर ठीक, नाही तर सॉफ्टच भिंत बनते. हे सात दिवस ठरवणाऱ्याला दिवाळी माहीत नसावी. उमरखेडचा मुलगा धनत्रयोदशीच्या आधी घाईत प्रोजेक्ट कॉपी करतो, थोडा वर जातो, घरी जातो. तिकडे कापूस वेचणीत घरच्यांना मदत करतो, बापासोबत जिनिंगवर गाडी लावतो. पंधरा दिवसांनी परत येतो तर एक अक्षर लिहिता येत नाही. त्यानं काही केलंच नव्हतं. म्हणून मी मुदत तीन आठवड्यांची केली होती. 'सेटकोटा'च्या 'टी' पर्यायानं ती बदलते, एक्सएफएसवर 'टाइमर'नं. तुलाही हेच सांगेन, आणि यात वाद घालू नकोस.

आणि रोज सकाळी चहासोबत 'रेपकोटा' वाचत जा. नावापुढे दोन खुणा असतात. उणे-उणे म्हणजे ठीक. पहिल्या जागी अधिक आलं की तो सॉफ्टच्या वर गेला, पुढे किती दिवस उरले तेही दिसतं. 'वॉर्नकोटा'चे इशाऱ्याचे ईमेल ही पोरं वाचत नाहीत. मी सरळ लॅबच्या दारावर त्यांचे रोल नंबर लावायचो. बारा वाजेपर्यंत अर्धे आवरलेले असायचे.

तुमचे एचओडी म्हणतात, हे सगळं काहून करता, गूगलवर टाका. त्यांना सांग, गूगलनंही हेच केलं. शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागा बंद होणार हे त्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलं, आणि जुलै २०२२ पासून संस्थेला मिळून १०० टीबीचा एकच साठा आला. पाच हजार खाती धर, माजी विद्यार्थी धरून तेवढी सहज होतात, तर भागाकार माणशी २० जीबी. तिथेही वर्गवार मर्यादा लावायची सोय आहे, आणि तिथेही नवं खातं कुठल्या गटात पडतं ते आधी बघावं लागतं. ज्यांनी मर्यादा लावलीच नव्हती त्यांची तेव्हा धावपळ झाली.

या रविवारी एक कर. डिफॉल्ट लावल्यावर एक नवं खातं उघड, ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. त्यात शिरून 'डीडी'नं एक फाइल भरत जा, अडेपर्यंत. कुठे अडली तो आकडा मला कळव. अडलीच नाही तर लगेच फोन कर, रात्री कितीही वाजले असले तरी.

आणि एक राहिलं. त्या प्रॅक्टिकलच्या दिवशी मी यादी आकारानं लावून पाहिली होती. पिच्चरवाला मुलगा दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिलं नाव माझं. जुन्या सर्व्हरची अख्खी नक्कल आणि चार डीव्हीडींच्या इमेज, तात्पुरत्या म्हणून ठेवलेल्या. माझ्यापुढे मी स्वतःच शून्य लिहिलं होतं. मीटिंगमध्ये ते सांगायचं राहून गेलं, आणि तो मुलगा पुढची तीन वर्षं माझ्याकडे मान खाली घालून येत राहिला. माझं खातं मी निवृत्त झालो तेव्हा कुणी बंद केलं नाही, मागच्या वर्षीपर्यंत तरी चालू होतं. तुला ते दिसेल. आधी त्यालाच मर्यादा लाव.

मामी विचारते, पोळ्याला येशील ना? तान्ह्या पोळ्यापर्यंत राहायचं ठरवूनच ये.

तुझा,
मामा